भिंतीला किती सोसवतं?

सर्व्हर रूम, दूरध्वनी केंद्राची यंत्रं, जुन्या कागदपत्रांचं दालन, संग्रहालयाची कोठी. अशा ठिकाणी आग लागली तर पाण्याने ती विझेल, पण जे वाचवायचं तेही भिजून जाईल. म्हणून तिथे वायू वापरतात. खोली बंद करायची, छतातल्या नोझलमधून वायू आत सोडायचा आणि आग विझल्यानंतरही काही काळ तो आत धरून ठेवायचा. एवढं ऐकल्यावर कोणालाही वाटेल की खोली जितकी घट्ट बंद, तितकी चांगली. माझी पत्नी वास्तुविशारद आहे आणि तिचं मत तसंच आहे. माझा धाकटा भाऊ या वायूच्या यंत्रणा बसवण्याच्या आणि तपासण्याच्या कामात आहे. तिने मेहनतीने बंद केलेल्या भिंतीला भोक पाडा, असं तो सांगतो. दोघंही आपापल्या कामात पक्की आहेत, त्यामुळे हा वाद ऐकण्यासारखा असतो. मी तो इथे मांडतो आहे. मधूनमधून मीही बोलणार आहे, कारण या बाबतीत मी तटस्थ नाही.

वहिनी: भाऊजी, आधी मला हे सांगा. तुमचेच लोक म्हणतात, वायू आत दहा मिनिटं टिकला पाहिजे. त्यासाठी मी केबलच्या प्रत्येक छिद्रात फायर सीलंट भरून घेते. फॉल्स सीलिंगपाशी न थांबता भिंत वर स्लॅबपर्यंत नेते. दाराच्या चारी बाजूंना सील लावते. आणि रंगकाम झाल्यावर तुम्ही येऊन म्हणता, इथे सव्वा फुटाचं चौकोनी भोक हवं. मग मी सील कशासाठी केलं?

भाऊजी: दहा मिनिटं टिकायला हवा हे खरंच आहे, वहिनी. पण त्या दहा मिनिटांच्या आधी वायू आत येण्याचं एक मिनिट असतं. त्या मिनिटाबद्दल तुमच्याशी कोणी बोलत नाही, ही माझी तक्रार आहे.

वहिनी: बोला मग.

भाऊजी: खोली शंभर घनमीटरची धरा. सात मीटर लांब, पाच मीटर रुंद, उंची तीन मीटरला थोडी कमी. त्यात नायट्रोजन आणि आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडायचा आहे. हवेत प्राणवायू जवळजवळ २१ टक्के असतो. तो साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणला की आग तग धरत नाही. तिथवर आणायला त्या खोलीत सुमारे ५० घनमीटर वायू सोडावा लागतो. खोलीच्या निम्मा. आणि तोही जवळपास सगळा एका मिनिटात.

वहिनी: निम्मा? मग आत आधीच जी हवा आहे तिचं काय?

भाऊजी: तेच तर. तिला जायला वाट नसेल तर दाब चढतो. तुमची खोली खरोखर कणभरही गळत नसती, तर आतला दाब अर्ध्या वातावरणाने वाढला असता. म्हणजे चौरस मीटरला पाच टन. दार दोन चौरस मीटरचं धरलं, तर एकट्या दारावर दहा टन.

वहिनी: तसं कधी होणार नाही. तिथवर पोचण्याच्या आत कुठूनतरी निघून जाईल.

भाऊजी: जाईलच. ती वाट तुम्ही ठरवायची की भिंतीने, यावर माझा सगळा आग्रह आहे.

पहिल्यांदा हा हिशेब ऐकला तेव्हा मीही चकित झालो होतो. आपल्या डोक्यात आग विझवणारा वायू म्हणजे हळूच पसरणारं काहीतरी असतं. प्रत्यक्षात ते २०० किंवा ३०० बार दाबाचे सिलिंडर असतात आणि ते काही सेकंदांत मोकळे होऊ लागतात. त्यांच्यामागे दडलेली ताकद नकाशावर दिसत नाही. नकाशावर फक्त लाल नळी आणि नोझलची खूण असते.

वहिनी: ठीक आहे, हवा बाहेर गेली पाहिजे हे मान्य. पण ती फटींतून जाऊ दे की. कुठलीही खोली शंभर टक्के बंद होत नाही, हे मी साइटवर रोज बघते. दाराखाली, केबल ट्रेच्या भोवती, भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात फटी राहतातच. तुमची डोअर फॅन टेस्ट त्याच फटी मोजते ना? मग त्या फटींनाच व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जाण्याचं तुमचं ते भोक, समजा.

भाऊजी: हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मोजूनच द्यावं लागतं. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात आम्ही पंखा बसवतो. खोलीत थोडासा दाब उभा करतो. तो टिकवायला पंख्याने किती हवा ढकलावी लागते, त्यावरून सगळ्या फटी मिळून किती चौरस सेंटिमीटरच्या आहेत ते कळतं. जुन्या, ढिसाळ खोलीत हा आकडा कधी इतका मोठा येतो की वेगळ्या व्हेंटची गरजच उरत नाही. पण तिथे वायूही दहा मिनिटं राहत नाही. तुमच्यासारखं नीट काम केलेल्या खोलीत सगळ्या फटी मिळून एका पोस्टकार्डाएवढ्या भरल्या असं समजा. वायू छान टिकेल. पण सिलिंडर भरलेले असतात तेव्हा, म्हणजे अगदी सुरुवातीला, झोत सर्वांत जोराचा असतो. सरासरी सेकंदाला पाऊण-एक घनमीटर धरली, तर त्या क्षणी तो दोन घनमीटरवर जाऊ शकतो. एवढी हवा पोस्टकार्डाएवढ्या जागेतून काढायला जो दाब लागेल, तो येण्याच्या कितीतरी आधी जिप्समचं पार्टिशन जागेवरून गेलेलं असेल.

वहिनी: म्हणजे मी काम चांगलं केलं म्हणून माझी भिंत जाणार?

भाऊजी: व्हेंटशिवाय चांगलं केलंत, तर हो. मी पार्टिशनची पॅनेलं चौकटीतून सुटलेली पाहिली आहेत. फॉल्स सीलिंगच्या टाइल उचलून खाली आलेल्या पाहिल्या आहेत. आग नव्हतीच, नुसती वायूची चाचणी होती.

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे. दहा मिनिटांसाठी खोली घट्ट हवी आणि पहिल्या मिनिटासाठी मोकळी हवी. पहिली गरज सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती टेंडरमध्ये लिहिलेली असते आणि तपासली जाते. दुसरी अनेकदा लिहिलेलीच नसते. खोली घट्ट करण्याचं काम जसजसं सुधारत गेलं, तसतशी ही दुसरी गरज वाढत गेली.

जुने लोक म्हणतात, आमच्या वेळी असली भोकं कधी लागली नाहीत. त्यांचं खरं आहे आणि त्यामागे इतिहास आहे. तेव्हा हॅलॉन १३०१ हा वायू वापरत. तो खोलीत पाच-सहा टक्के असला तरी आग विझायची, म्हणून तो थोडाच सोडावा लागे आणि दाबाचा प्रश्न फारसा उभा राहत नसे. पण हॅलॉन ओझोनच्या थराला खातो. १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९४च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबवलं आणि भारतासारख्या देशांसाठी २०१० ही मुदत ठरली. त्याच्या जागी एचएफसी-२२७ईए हा वायू आला. एफएम-२०० या नावाने तो आपल्याकडच्या पुष्कळ सर्व्हर रूममध्ये आहे. तो पृथ्वी तापवणारा निघाला आणि २०१६च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही टप्प्याटप्प्याने मर्यादा आणल्या. त्यामुळे नायट्रोजन आणि आर्गॉनकडे कल वाढला. हे दोन्ही वायू हवेतूनच काढलेले, वातावरणाला काही न करणारे. हा बदल चांगलाच आहे. पण पाच-सहा टक्क्यांच्या जागी आता खोलीत चाळीस टक्के वायू असावा लागतो, आणि त्यासाठी निम्म्या खोलीएवढा सोडावा लागतो. वातावरणावरचं ओझं उतरलं आणि भिंतीवर चढलं. आपल्या बांधकामाच्या सवयी मात्र हॅलॉनच्या काळातल्याच राहिल्या.

वहिनी: मग मी भिंतच मजबूत करते. जिप्सम काढून वीट घेते. तुमचं भोकही नको आणि तुमची भीतीही नको.

भाऊजी: वीट घ्या, फायदाच होईल. भिंत जितकी सोसेल तितका व्हेंट लहान होतो. पण चौपट सोसणारी भिंत बांधली तर व्हेंट निम्मा होतो, चतकोर नाही. आणि खोली म्हणजे नुसती भिंत नव्हे. दाराची कडी आहे, निरीक्षणाची काच आहे, छताच्या टाइल आहेत, केबलच्या छिद्रातलं सीलंट आहे. दाब सर्वांत दुबळा भाग शोधतो. हलक्या पार्टिशनच्या खोलीसाठी आम्ही बऱ्याचदा २५० ते ५०० पास्कलची मर्यादा धरतो. ५०० पास्कल म्हणजे पाण्याचा पाच सेंटिमीटर उंच थर जेवढा दाब देतो तेवढा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंतीवर तो सहाशे किलोचा रेटा होतो, दारावर शंभर किलोचा.

वहिनी: दारावर शंभर किलो. आत माणूस असेल तर?

भाऊजी: म्हणून वायू सोडण्याआधी हूटर वाजतो आणि बाहेर पडायला साधारण अर्धं मिनिट दिलं जातं. पण कोणी अडकलाच, आणि दार आत उघडणारं असलं, तर शंभर किलोच्या विरुद्ध तो ते ओढू शकणार नाही. दार बाहेर उघडणारं असलं आणि कडी कच्ची असली, तर दार आपोआप उघडेल आणि वायू निघून जाईल.

वहिनी: दार बाहेरच उघडणारं हवं, हे आम्ही सुटकेच्या नियमासाठी करतोच. कडीचा विचार मी या बाजूने केला नव्हता.

भाऊजी: आणि एफएम-२००सारखा वायू असेल तर आणखी एक गोष्ट. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि दहा सेकंदांत सोडला जातो. बाहेर पडताना त्याची वाफ होते आणि खोलीतली हवा एकदम थंड पडते. त्यामुळे सुरुवातीला काही क्षण आतला दाब उलट कमी होतो, भिंती आत खेचल्या जातात. मग तो उसळून वर येतो. अशा खोलीचा व्हेंट दोन्ही दिशांना उघडणारा लागतो. एका बाजूची झडप लावली की अर्धंच काम झालं.

वहिनी: बरं, व्हेंट मान्य केला असं धरू. तो कुठे उघडायचा? तुमच्या लोकांनी मागच्या कामात तो सरळ कॉरिडॉरमध्ये काढला होता. तो कॉरिडॉर माझ्या नकाशावर सुटकेचा मार्ग आहे. आग लागली की माणसं तिथूनच पळणार. त्यांच्या तोंडावर तुम्ही प्राणवायू कमी असलेली हवा आणि धूर सोडणार?

इथे माझा भाऊ गप्प बसला, आणि बसायलाच हवं होतं. तिची ही हरकत त्याच्या कुठल्याही हिशेबाइतकीच वजनदार आहे.

भाऊजी: तुमचं बरोबर आहे. व्हेंट थेट बाहेरच्या भिंतीला हवा. ते शक्य नसेल तर डक्टने बाहेरपर्यंत न्यायला हवा. बंद कॉरिडॉरमध्ये सोडला तर दाब फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. कॉरिडॉरला पुढे वाट नसेल तर तिथली दारं आणि काचा धोक्यात येतात.

वहिनी: आणि दोन तासांच्या अग्निरोधक भिंतीला भोक पाडलं की ती दोन तासांची भिंत राहत नाही. मी ते प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देऊ?

भाऊजी: व्हेंटही तेवढ्याच तासांचा अग्निरोधक हवा. दाब आला की उघडणारा, दाब उतरला की स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगने मिटणारा, आणि आगीत मिटलेला राहणारा. असे मिळतात. नुसता जाळीचा तुकडा लावून चालत नाही.

वहिनी: पावसाचं काय? कोकणात किंवा मुंबईत पश्चिमेच्या भिंतीला भोक ठेवलं तर जून ते सप्टेंबर पाणी आत येईल. मी झडपेवर छज्जा देणार, लूव्हर लावणार, आत कीटकांची जाळी देणार.

भाऊजी: द्या. पण मग मला मोकळं क्षेत्रफळ सांगा. लूव्हर आणि जाळी लावली की चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनातली निम्मी जागाही मोकळी न राहणं शक्य आहे. माझा हिशेब मोकळ्या जागेचा असतो, चौकटीच्या मापाचा नसतो. आणि झडप वर, छताजवळ ठेवा. बाहेर जायला हवी ती आधीची हवा. जड वायू खाली बसतो, त्याला खालून वाट मिळाली तर तोच आधी निघून जाईल.

चाळीस सेंटिमीटर का, तेही इथे सांगून ठेवतो, कारण हा आकडा कुठून येतो हे विचारायला लोक संकोचतात. शंभर घनमीटरची खोली, सेकंदाला दोन घनमीटरचा सुरुवातीचा झोत आणि २५० पास्कलची मर्यादा घेतली, तर ढोबळ हिशेबाने साधारण ०.१६ चौरस मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे चाळीस सेंटिमीटर बाजूचा चौकोन. हा ढोबळ आकडा कोणी आपल्या साइटवर उचलून लावू नये. प्रत्येक वायूचा आणि प्रत्येक यंत्रणेचा हिशेब वेगळा असतो, आणि तो यंत्रणा बनवणाऱ्याने लेखी द्यायचा असतो.

वहिनी: मग झोतच कमी करा ना. भिंतीला सोसत नसेल तर वायू हळू सोडा.

भाऊजी: हे आता होऊ लागलं आहे. सिलिंडर रिकामा होईपर्यंत झोत एकसारखा ठेवणारे व्हॉल्व्ह आले आहेत. त्यांच्यामुळे सुरुवातीचा तो उसळलेला झोत कापला जातो. आणि अमेरिकेच्या एनएफपीए २००१ या मानकात विजेच्या उपकरणांसाठी आणि कागद-लाकडाच्या वरवरच्या आगीसाठी निष्क्रिय वायूला ६० ऐवजी १२० सेकंदांची मुभा आहे. दोन्ही केलं तर व्हेंट बराच लहान होतो. सावकाश सोडल्याचा आणखी एक फायदा आहे, आवाज कमी होतो. सप्टेंबर २०१६मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अशाच यंत्रणेची चाचणी झाली होती. नोझलच्या आवाजाने हार्डडिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास बंद पडले. आवाज १३० डेसिबलच्या वर गेला होता, असं तेव्हा सांगितलं गेलं.

वहिनी: आगीपासून वाचवणारी यंत्रणा चाचणीतच नुकसान करते. मग माझ्यासारखीला ती नकोशी वाटली तर नवल काय?

भाऊजी: नकोशी वाटू नये. तिच्यासाठी खोली तयार करायला हवी.

वहिनी: मग माझी अट ऐका. व्हेंटचं माप तुम्ही मला पहिल्या आराखड्याच्या वेळी द्यायचं. भिंत उठायच्या आधी. आणि माझ्या ड्रॉइंगवर तो येईल, तुमच्या नाही. तुमच्या ड्रॉइंगवर आला की बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाणांच्या यादीत, तो 'आवश्यक असल्यास' या ओळीत जातो, आणि पैसे कमी पडले की पहिला तोच कापला जातो.

भाऊजी: मग माझीही अट आहे. भिंतीच्या, दाराच्या आणि काचेच्या सर्वांत दुबळ्या भागाला किती पास्कल सोसतील, तो आकडा तुम्ही मला लिहून द्यायचा. तो मिळत नाही म्हणून मी अंदाज धरतो, आणि अंदाज धरला की भोक मोठं होतं.

एवढ्यावर दोघांचं जमलं. माझं मत त्यांच्याहून थोडं कडक आहे. या वादात चूक एकट्या आर्किटेक्टची नाही आणि एकट्या अग्निशमन अभियंत्याचीही नाही. खोली बांधणारा आणि वायू बसवणारा यांच्यामधल्या जागेची जबाबदारी कोणावरच नसते, हा खरा दोष आहे. व्हेंट दोघांच्याही कामात मोडतो, म्हणून तो कोणाच्याच कामात मोडत नाही. खोलीचा मालक बँक असो, रुग्णालय असो वा सरकारी खातं, त्याने हे दोघं पहिल्या दिवशी एका टेबलावर आणायला हवेत. ऐरोली आणि महापे पट्ट्यातल्या मोठ्या डेटा सेंटरना हे करून देणारे सल्लागार असतात. तालुक्याच्या ठिकाणी जुन्या इमारतीतली एक खोली रिकामी करून सर्व्हर ठेवणाऱ्या संस्थेला ते नसतात, आणि दुबळी पार्टिशनं तिथेच जास्त असतात.

व्हेंट बसल्यानंतरही काम संपत नाही. पुढच्या रंगकामात झडपेची कड रंगाने चिकटून जाते. थंड हवा गळते म्हणून एसीचा माणूस तिच्यावर टेप मारतो. बाहेरच्या बाजूला कोणीतरी खोकी रचून ठेवतं. वायूचे सिलिंडर दर वर्षी तपासले जातात. झडप हाताने ढकलून उघडते का आणि सोडल्यावर मिटते का, हे मात्र बघायचं राहून जातं. त्या तपासणीला दोन मिनिटं लागतात.

म्हणून ज्यांच्या कार्यालयात अशी खोली आहे त्यांना माझी विनंती आहे. दारावर वायूच्या यंत्रणेची पाटी असेल तर आत जाऊन छताजवळ व्हेंट शोधा. दिसला तर तो कुठे उघडतो ते बघा. दिसला नाही, तर यंत्रणा बसवणाऱ्याकडून दाबाचा लेखी हिशेब मागा. फटी पुरेशा आहेत असं त्याचं म्हणणं असेल तर डोअर फॅन टेस्टचा अहवाल मागा. आणि खोली अजून बांधायचीच असेल, तर भिंतीला किती पास्कल सोसतात हे कोणीतरी सही करून लिहून देईपर्यंत सिलिंडर जोडू देऊ नका.